तळ्यात मोरचूद टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा. पुण्याबाहेर डोंगराच्या पायथ्याला जुना पाझर तलाव आहे, पसारा 10 एकरांचा. त्याच्याभोवती बंगले, रो-हाउस आणि दोन इमारती मिळून 260 घरं. गेली काही वर्षं गणपती उठले की पाणी पोपटी होतं, ऑक्टोबरच्या उन्हात काठावर दाट थर साचतो, वास सुटतो. यंदा काठाशी पाणी प्यायलेला एक कुत्रा दगावला. कमिटीपुढे दोन दरपत्रकं आहेत. एकात मोरचूद (कॉपर सल्फेट) फवारायचं, दुसऱ्यात 'बायोकल्चर' आणि चार कारंजी. निम्म्या लोकांच्या मते दोष वरच्या उसाच्या शेतांचा, उरलेल्यांचा राग सोसायटीच्या लॉनवर आहे. तळं माशांसाठी ठेक्याने दिलंय, आणि हाती असलेल्या पाण्याच्या अहवालात 'फॉस्फेट: आढळले नाही' असं आहे. विचारलंय ते हे: मोरचूद टाकावं का, दोष नेमका कुणाचा, बोअरचं पाणी वापरावं का, आणि तळ्यातले मासे खावेत का.

मोरचुदापासून सुरुवात करतो, कारण दोष कुणाचा हा वाद आठवडाभर थांबू शकतो. टाकू नका. थर डोळ्यांना दिसत असताना तर नाहीच नाही.

तुम्ही सांगताय त्या लक्षणांवरून हे नीलहरित शैवाल असण्याची शक्यता मोठी आहे. त्यातल्या मायक्रोसिस्टिससारख्या काही जाती यकृतावर परिणाम करणारं विष तयार करतात. शैवाल जिवंत आणि जोमात असतं तेव्हा हे विष बहुतेक पेशींच्या आतच कोंडलेलं असतं. मोरचुदातल्या तांब्याने पेशी फुटतात आणि आतलं सगळं एकदम पाण्यात मोकळं होतं. पाणी वरून स्वच्छ दिसायला लागतं, कमिटी खूश होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत ते पाणी सर्वांत धोक्याचं असतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळ पाम आयलंड नावाचं बेट आहे. तिथे 1979 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या धरणात शैवाल वाढलं म्हणून मोरचूद टाकलं. पुढच्या काही दिवसांत 148 जण यकृत आणि आतड्याच्या आजाराने दवाखान्यात गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. कारण सापडायला वर्षं लागली, तोवर त्याला 'गूढ आजार' म्हणत होते.

दुसरी अडचण अशी की मेलेलं शैवाल तळाशी जाऊन कुजतं. कुजताना ऑक्सिजन संपतो आणि पहाटे मासे वर येऊन तोंड मारू लागतात, मग मरतात. शैवालात साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो, म्हणजे काही आठवड्यांनी नवं शैवाल त्याच जेवणावर वाढतं. तांबं मात्र कुठेच जात नाही, ते गाळात साठत राहतं. दरवर्षी मोरचूद टाकत आलेल्या तळ्याचा गाळ नंतर कुठला शेतकरी शेतात टाकून घेणार?

आता लगेच करायच्या गोष्टी. काठावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ठळक फलक लावा: पाण्यात उतरू नका, कुत्र्यांना पाणी पाजू नका. वाऱ्याच्या दिशेने जो काठ येतो तिथे थर सर्वाधिक साचतो, तिथे मुलांना खेळू देऊ नका. कुत्रं पाण्यात जाऊन आलंच तर त्याने अंग चाटायच्या आधी नळाच्या पाण्याने धुवा. कुत्र्यांचं मरण अनेकदा असं अंग चाटूनही ओढवतं, कारण केसांना चिकटलेल्या थरात विषाची मात्रा पाण्याच्या कितीतरी पट असते. थर काढणाऱ्या माळ्यांना हातमोजे आणि गमबूट द्या. हे काम आपल्याकडे नेहमी अनवाणी माणसाच्या वाट्याला येतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

बोअरचं पाणी. आपल्याकडचा खडक बेसॉल्ट, त्यात पाणी वाळूतून गाळल्यासारखं झिरपत नाही, भेगांमधून धावतं. त्यामुळे तळ्यापासून अमुक फूट लांब आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. पेशी बहुधा गाळल्या जातात, विरघळलेलं विष काही अंशी पुढे येऊ शकतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने थोडं वाढतंच. घरच्या यूव्ही फिल्टरने जात नाही. चांगल्या आरओमध्ये बराचसा भाग अडतो, पण मेम्ब्रेन कधी बदललं हे किती घरांत कुणाला आठवतं? अमेरिकेत 2014 च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहरात ईरी सरोवरातल्या अशाच शैवालामुळे सुमारे 5 लाख लोकांना दोन-अडीच दिवस नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं, आणि त्या सूचनेत 'उकळूही नका' हे वेगळं लिहिलं होतं. तिथे पाण्याचं शुद्धीकरण केंद्र होतं, तरीही. तेव्हा तळं हिरवं आहे तोवर तळ्याकाठच्या बोअरचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला वापरू नका, त्यासाठी टँकर किंवा दुसरा स्रोत घ्या. कपडे आणि संडासाला चालेल. पालेभाजीच्या वाफ्यांवर तळ्याचं पाणी तुषार सिंचनाने उडवू नका. मायक्रोसिस्टिन, म्हणजे मायक्रोसिस्टिसच्या विषाची, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नेहमीच्या पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 1 मायक्रोग्रॅम आणि पोहण्यासारख्या वापरासाठी 24 मायक्रोग्रॅम आहे. काठावरच्या दाट थरात हे आकडे कितीतरी मागे पडतात.

हे नक्की नीलहरित शैवालच आहे का, ते घरी तपासता येतं. एक लांब काठी थरात घालून बाहेर काढा. हिरव्या केसांचा गुंता काठीला लोंबला तर ते तंतुमय हिरवं शेवाळ, दिसायला घाण पण विषारी नाही. ऑइलपेंट लागल्यासारखी काठी रंगली तर सावध व्हा. मग हातमोजे घालून काचेची बरणी पाऊण भरा, झाकण लावा आणि रात्रभर अजिबात न हलवता ठेवून द्या. सकाळी हिरवा साका तळाशी बसला असेल तर साधं हिरवं शैवाल. वरच्या बाजूला कडं धरलं असेल तर नीलहरित, कारण मायक्रोसिस्टिसच्या पेशींत हवेच्या बारीक पोकळ्या असतात आणि ते वर तरंगतं. काठावरच्या दगडांवर वाळलेल्या थराची कड निळसर मोरपंखी दिसते का तेही पाहा, ते पेशी फुटून सुटलेलं निळं रंगद्रव्य असतं. खात्रीसाठी जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात एक बाटली घेऊन जा. सूक्ष्मदर्शकाखाली 5 मिनिटांचं काम आहे, आणि प्राध्यापक मंडळी असं ताजं साहित्य आनंदाने घेतात. मात्र कुठलीच जात नुसती पाहून विषारी आहे की नाही ते सांगता येत नाही. तुमचा कुत्रा गेलाय, तेव्हा विषारी आहे असं धरूनच चाला.

आता मुख्य विषय. दोष कुणाचा?

या वादात दोन्ही बाजूंनी हातात आकडे न घेता भांडण होतं, म्हणून आपण फॉस्फरसचा जमाखर्च मांडू. फॉस्फरसचाच का, नायट्रोजनचा का नाही? गोड्या पाण्यात बहुधा फॉस्फरसच कमी पडतो. काही नीलहरित जाती हवेतला नायट्रोजन बांधू शकतात, फॉस्फरस मात्र हवेतून येत नाही, तो कुठून तरी वाहूनच यावा लागतो. कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात प्रयोगासाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यातलं 226 क्रमांकाचं तळं 1973 मध्ये डेव्हिड शिंडलर यांच्या गटाने मधोमध पडदा लावून दोन भागांत विभागलं. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातला, दुसऱ्या बाजूला त्याच दोन्हींबरोबर फॉस्फरसही. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी काळीशार राहिली. विमानातून काढलेल्या त्या एका फोटोने डिटर्जंट कंपन्यांचे वकील गप्प केले असं म्हणायला हरकत नाही.

तुमच्या तळ्याचं गणित करू. 10 एकर म्हणजे सुमारे 40,000 चौरस मीटर. पावसाळा संपताना सरासरी खोली अडीच मीटर धरली तर 1 लाख घनमीटर पाणी, म्हणजे 10 कोटी लिटर. तळ्यात एकूण फॉस्फरस लिटरला 30 मायक्रोग्रॅमच्या आसपास असेल तर पाणी बऱ्यापैकी राहतं, 100 च्या वर गेला की अतिपोषित, म्हणजे शैवाल माजेल इतकं अन्न असलेलं, समजायचं. 10 कोटी लिटरात 30 मायक्रोग्रॅम म्हणजे 3 किलो. 100 मायक्रोग्रॅम म्हणजे 10 किलो. अख्ख्या तळ्याचं भवितव्य 3 आणि 10 किलोंच्या मधे ठरतं. आता डीएपी खताची 50 किलोंची एक गोणी घ्या. तिच्यावर 18-46-0 लिहिलेलं असतं, त्यातलं 46 टक्के फॉस्फेट म्हणजे गोणीच्या वजनाच्या 20 टक्के शुद्ध फॉस्फरस. म्हणजे गोणीत 10 किलो. एक गोणी पूर्ण विरघळून तळ्यात गेली तर काम झालं. आणि 1 किलो फॉस्फरसावर ओलं शैवाल 500 किलोंपर्यंत पोसलं जाऊ शकतं, हेही लक्षात ठेवा.

या मापाने एकेक स्रोत पाहू. लॉनला वर्षाला डीएपी किंवा 19:19:19 मिळून समजा 6 गोण्यांइतका फॉस्फरस पडतो, म्हणजे फार तर 60 किलो. पण तो सगळा वाहून जात नाही. मातीत घट्ट धरला जातो, फार तर 5 ते 10 टक्के निसटतो. म्हणजे 3 ते 6 किलो. छोटा आकडा नाही, तळ्याच्या मानाने मोठाच आहे. शिवाय तो फुकटचा आहे, कारण जमलेल्या लॉनला फॉस्फरसची गरज क्वचितच असते. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने 2005 पासून राज्यभर, माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय हिरवळीला फॉस्फरसयुक्त खत घालायला कायद्यानेच मनाई केली आहे. तळ्याकाठी राहणाऱ्यांचं राज्य, त्यांना हे लवकर कळलं. तुमच्या माळ्याला जूनच्या तोंडावर खत विसकटायची सवय असेल तर ती आधी मोडा. पहिल्या मोठ्या सरीत ते गटारातून थेट तळ्यात.

वरचा ऊस. लागणीच्या वेळी 10:26:26 किंवा डीएपी भरपूर पडतो, हे खरं. पण शेतातला फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून येतो, पाण्यात विरघळून कमी. त्यामुळे ओढ्याला जूनमध्ये येणारं लाल पाणी हा त्याचा रस्ता. उभा ऊस माती धरून ठेवतो. त्रास होतो तो नांगरून मोकळ्या पडलेल्या रानाचा आणि, हे तुमच्यापैकी कुणाला आवडणार नाही, डोंगरावर चालू असलेल्या बांधकामांचा. खोदलेला मुरूम आणि मजुरांच्या झोपड्यांचं सांडपाणी एकाच ओढ्याने खाली येतं. शेतकऱ्याला दोष देण्याआधी पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन ओढ्याने वर चालत जा आणि लाल रंग कुठे सुरू होतो ते पाहा.

आणि आता ज्याचं नाव प्रश्नात कुठेच नाही ते: तुमचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प. 260 घरं, हजारभर माणसं. मलमूत्र आणि साबण मिळून माणशी दिवसाला 1 ते 2 ग्रॅम फॉस्फरस सांडपाण्यात जातो. दीड ग्रॅम धरला तर वर्षाला साडेपाचशे किलोंच्या आसपास. सोसायट्यांमधले प्रकल्प, एमबीबीआर पद्धतीचे असोत की एसबीआर, मुळात बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) उतरवायला बांधलेले असतात. वेगळी रासायनिक मात्रा दिली नाही तर ते फॉस्फरसचा पाव ते एक तृतीयांश भाग गाळात पकडतात, बाकीचा स्वच्छ दिसणाऱ्या, वास नसलेल्या पाण्यातून बाहेर येतो. वर्षाला सुमारे 400 किलो. उन्हाळ्यात हे पाणी बागेला जातं, तिथली माती ते पचवते. पण पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही. मग ते कुठे जातं? टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप कुठे निघतो ते आजच जाऊन पाहा. मी पाहिलेल्या तळ्याकाठच्या बहुतेक वसाहतींत तो पाइप पावसाळी गटारात असतो आणि गटार तळ्यात. चार महिन्यांचे 130 किलो. त्यातला निम्मा सांडव्यावरून वाहून गेला असं उदारपणे धरलं तरी उरतो तो लॉनच्या दसपटीहून जास्त.

हे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या पाण्याच्या मीटरवरून आणि खताच्या बिलांवरून ते बदला. पण प्रमाण उलटं होण्याइतके बदलणार नाहीत.

'आमचं पाणी तर मानकात बसतं' हे उत्तर येईल. बीओडीच्या मानकात बसतही असेल. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये सांडपाणी प्रकल्पांसाठी जी कडक मानकं धरली, त्यांत तळ्यात सोडायच्या पाण्याला एकूण फॉस्फरस लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. म्हणजे 1,000 मायक्रोग्रॅम. तळ्याला झेपतो त्याच्या तिसेक पट. मानक पाळूनही तळं हिरवं होऊ शकतं, आणि तुमचा प्रकल्प बहुधा 7 ते 8 मिलिग्रॅम सोडत असेल.

मग 'गणपतीनंतरच का?' हा प्रश्न उरतो, आणि त्यातून विसर्जनावर खापर फुटतं. निर्माल्याने काठाची घाण होते, ते कुंडातच जायला हवं, वाद नाही. पण वेळ जुळते ती वेगळ्या कारणाने. जून ते ऑगस्ट अन्न येत राहतं, पण आभाळ भरलेलं, पाणी गढूळ आणि वाहतं असतं. सप्टेंबरच्या शेवटी ओढा मंदावतो, गाळ खाली बसतो, ऊन कडक होतं, वारा पडतो. नीलहरित शैवालाला हेच हवं असतं. अन्न तीन महिने ताटात वाढलेलंच असतं. पुढे मे महिन्यात पाणी निम्म्याहून खाली गेलं की तेवढाच फॉस्फरस कमी पाण्यात येतो आणि दुसरी फेरी होते.

प्रयोगशाळेच्या अहवालाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे फार लोक फसतात. तुमच्याकडे जो अहवाल आहे म्हणता, 'फॉस्फेट: आढळले नाही', त्याला काही अर्थ नाही. एक तर ती पद्धत 0.1 मिलिग्रॅमच्या खाली पाहतच नसेल, म्हणजे 100 मायक्रोग्रॅमपर्यंत सगळं 'आढळले नाही'. दुसरं, शैवाल भरात असताना पाण्यातला विरघळलेला फॉस्फेट खरोखरच शून्याजवळ असतो, कारण तो सगळा शैवालाच्या पोटात गेलेला असतो. मागायचा तो एकूण फॉस्फरस, आम्लाने पाचन करून मोजलेला, आणि मोजणीची खालची मर्यादा 10 मायक्रोग्रॅम. नमुना न गाळलेला हवा. अहवालात आकडा 'फॉस्फरस म्हणून' आहे की 'फॉस्फेट म्हणून' हे विचारा. दुसऱ्याला 3 ने भागलं की पहिला येतो. नमुने कुठले? तळ्याचा मध्य, ओढा तळ्यात शिरतो ती जागा, प्रक्रिया प्रकल्पाचं बाहेर पडणारं पाणी, पावसाळी गटाराची तोंडं. ओढ्याचा नमुना कोरड्या दिवशी घेऊन उपयोग नाही, पहिल्या तासाभराच्या पावसातला घ्या. त्याबरोबर 20 सेंटिमीटरची काळी-पांढरी तबकडी दोरीला बांधून दर रविवारी किती खोलीपर्यंत दिसते ते वहीत लिहा. इटलीच्या सेक्की या पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने 1865 मध्ये वापरात आणलेली ही तबकडी अजूनही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रामाणिक उपकरण आहे. शाळकरी मुलं हे काम मोठ्यांपेक्षा नेटाने करतात.

महाराष्ट्रातलं उघड्यावरचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूरचा रंकाळा आहे. भोवती वस्ती वाढली, शाम सोसायटी नाल्यातून, परताळ्याच्या बाजूने सांडपाणी येत राहिलं. कधी जलपर्णीने तळं झाकलं, कधी मायक्रोसिस्टिसने पाणी हिरवं केलं. दोन्हींना एकच अन्न लागतं. जलपर्णी उपसली आणि सांडपाणी तसंच ठेवलं की ऊन सरळ पाण्यात उतरतं आणि शैवालाची पाळी येते. जलपर्णी काढून काठावरच ढीग घालणं तर निव्वळ विनोद, पहिल्या पावसात तिचा रस परत तळ्यात. आपल्याकडे तळ्याच्या नावाने आलेला पैसा आधी कठड्यावर, दिव्यांवर आणि पेव्हर ब्लॉकवर जातो, नाल्याला शेवटी उरला तर. तुमच्या कारंज्यांची जात तीच. कारंजं वरचं पाणी वर उडवतं, तळाशी त्याचा काही संबंध नाही. कार्यक्रमाला छान दिसेल. बायोकल्चरबद्दल एवढंच की जिवाणूंना फॉस्फरस नाहीसा करता येत नाही, फक्त एका खिशातून दुसऱ्यात टाकता येतो. पुरवठादाराला विचारा: उपचारानंतर एकूण फॉस्फरस किती किलोंनी कमी होईल, आणि तो जाईल कुठे? पैसे त्या आकड्याला बांधून द्यायला तयार असेल तर माझं मत मी बदलेन.

खरा इलाज प्रक्रिया केलेलं पाणी तळ्यापासून तोडणं. हा धडा सर्वांत स्वच्छपणे शिकवला तो सिएटलच्या लेक वॉशिंग्टनने. काठच्या गावांचं सांडपाणी तळ्यात येत होतं, आणि तेही प्रक्रिया केलेलं. 1955 मध्ये तिथे नीलहरित शैवाल दिसलं आणि एडमंडसन नावाच्या प्राध्यापकांनी पुढे काय होणार ते आकड्यांनिशी सांगितलं. 1958 मध्ये मतदान होऊन लोकांनी खर्च मान्य केला, 1963 ते 1968 मध्ये सांडपाणी टप्प्याटप्प्याने वळवलं, आणि सत्तरच्या दशकात पाणी निवळलं. पण ते तळं खोल आणि पाणी बदलतं राहणारं. मिनेसोटातलं शागावा नावाचं उथळ तळं 1973 पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढूनही लवकर सुधारलं नाही, कारण तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस दर उन्हाळ्यात, तळाचा ऑक्सिजन संपला की, वर येत राहिला. तुमचं तळं या दुसऱ्या जातीचं. तेव्हा पाइप तोडला की पुढच्याच वर्षी निळं पाणी दिसेल अशी आशा रहिवाशांना दाखवू नका, नाही तर तिसऱ्या महिन्यात मोरचूदवाला परत येईल.

क्रम असा ठेवा. या हिवाळ्यात नमुने आणि पाइपांचा शोध. बंगल्यांपैकी कुणाच्या सेप्टिक टँकचा ओव्हरफ्लो पावसाळी गटारात आहे का, तेही त्यात येतं; रंगाची भुकटी संडासात टाकून गटाराच्या तोंडाशी उभं राहिलं की कळतं. मग प्रकल्पात तुरटी किंवा फेरिक क्लोराइडची मात्रा देणारा पंप बसवा. तुमच्या दिवसाच्या सुमारे 1 लाख 40 हजार लिटर पाण्याला 10 ते 15 किलो तुरटी लागेल, नेमकी मात्रा जार टेस्टने, म्हणजे बरण्यांत वेगवेगळ्या मात्रा घालून पाहून, ठरवा. खर्च रोजचा काहीशे रुपये, शिवाय गाळ वाढेल, त्याची सोय लागेल. कारंज्यांच्या दरपत्रकापुढे हा खर्च किरकोळ आहे. त्यानंतर उरलेलं पाणी पावसाळ्यात संडास फ्लशिंगला वळवा, आणि तरीही जास्त झालं तर तळ्याच्या खालच्या अंगाला, सांडव्याच्या पुढे सोडता येतं का ते परवानगी घेऊन पाहा.

मे महिन्याआधी ओढ्याच्या तोंडाशी गाळ थांबवणारा खड्डा खणा आणि त्याच्या पुढे कर्दळ, वाळा, पाणकणीस यांचा पट्टा लावा. दरवर्षी खड्डा उपसला आणि पट्टा कापून नेला तरच दोन्ही चालतात. खड्डा भरून वाहू लागला आणि कर्दळ जागेवर कुजली की शून्य फायदा. काठावर 5 मीटरचा पट्टा न कापलेल्या गवताचा राहू द्या. 'साप येतील' अशी हरकत येईल. येतील थोडे. धामण उंदीर खाते.

बाहेरून येणारं थांबल्यावरच, आणि एक वर्ष मोजून पाहिल्यावरच, तळाच्या गाळाकडे वळा. मे महिन्यात तळं उघडं पडत असेल तर गाळ उपसणं आपल्याकडे सोपं आणि ओळखीचं काम आहे, शेतकरी ट्रॉली घेऊन येतात; आधी जड धातूंची तपासणी करून घ्या, एवढंच. उपसा शक्य नसेल तर तळ्यातच तुरटीची मात्रा देऊन फॉस्फरस तळाशी बांधून ठेवता येतो. सिएटलच्याच ग्रीन लेक या शहरी तळ्यात 1991, 2004 आणि 2016 मध्ये हे केलं, म्हणजे एकदा केलं की दहा-बारा वर्षं निभतं. पण हे घरगुती काम नाही. सामू 6 च्या खाली घसरला तर तुरटीतलं ॲल्युमिनियम माशांना मारतं, आणि शैवालाच्या दिवसांत दुपारी सामू 9 च्या वर गेलेला असतो तेव्हा तुरटी धरत नाही. पाण्याची क्षारता मोजून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, हिवाळ्यातच.

राहिला माशांचा प्रश्न. तळं हिरवं असताना पकडलेले खाऊ नका. नंतर खायचे तर आतडी आणि यकृत काढून टाका, विष तिथे जास्त साठतं, आणि ते कुत्र्यामांजरांना घालू नका. पण मला माशांपेक्षा माशांच्या ठेक्याची काळजी वाटते. तुम्ही तळं ठेक्याने दिलंय असं लिहिलंय. कटला, रोहू वाढवण्याच्या रीतीतच शेण आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी मुद्दाम हिरवं करायचं असतं, कारण पिल्लांना प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, हवं. वर शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा. ठेकेदार चुकत नाहीये, त्याचं शास्त्र तेच सांगतं, फक्त ते तुमच्या उद्दिष्टाच्या बरोबर उलटं आहे. त्याने वर्षाला किती गोण्या टाकल्या ते विचारा आणि जमाखर्चात लिहा. करार नव्याने करताना खत आणि खाद्य दोन्ही बंद अशी अट घाला, सायप्रिनस (कॉमन कार्प) मासा सोडू नका, तो तळ उकरून गाळ वर आणतो, आणि गवत्या (ग्रास कार्प) मासाही नको, तो पाणवनस्पती फस्त करतो आणि मोकळी झालेली जागा शैवाल घेतं. ठेक्याची रक्कम घटेल. ती घट आणि ओव्हरफ्लोच्या पाइपचं काम, हे दोन खर्च एकाच सर्वसाधारण सभेत, एकाच ठरावात मांडा. वेगवेगळे मांडले तर पहिला मंजूर होईल आणि दुसरा पुढच्या सभेवर जाईल.